वाचकांचे प्रश्न : टायर एकाच बाजूने का झिजतो?

पाऊस ओसरला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागांतून येणाऱ्या पत्रांत टायरांचा विषय हमखास असतो. चार महिने पाण्याखाली लपलेले खड्डे चाकांनी सोसलेले असतात आणि त्यांचा हिशेब दिवाळीच्या सुमारास टायरवर दिसू लागतो. या वेळी त्यांतली पाच पत्रे उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रलेखकांपैकी दोघांनी जुने टायर दुकानातच सोडून दिले आणि मग आम्हाला कारण विचारले, याची मला खरोखर हळहळ वाटली. गाडीच्या पुढच्या भागात काय ढिले झाले आहे, काय वाकले आहे, हवा किती चुकत होती, हे सगळे त्या जुन्या रबरावर उमटलेले होते. नवा टायर बसवण्याआधी जुना टायर हाताने चाचपून आणि मापून घ्यावा, एवढी विनंती उत्तरांकडे वळण्याआधी करतो.

प्रश्न : माझी पुढच्या चाकांवर चालणारी लहान हॅचबॅक आहे. खानापूर ते बेळगाव रोजचे जाणे-येणे आणि महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्याला जाणे, असा तिचा वापर आहे. नवे टायर घालून १८ हजार किलोमीटर झाले. पुढचा डावा टायर आतल्या कडेने गुळगुळीत झाला आहे. बाहेरून पाहिले तर तो अजून चांगला दिसतो. उजव्या टायरला असे काही झालेले नाही. वर्षभरात दोनदा अलाइनमेंट करून घेतली. दुकानदार म्हणतात, ‘रस्तेच असे आहेत, टायर खाणारच.’ हे खरे मानायचे का? (एक शिक्षिका, खानापूर)

उत्तर : अर्धेच खरे मानावे. रस्त्याने काहीतरी बिघडवले असेल, हे शक्य आहे. परंतु जे बिघडले आहे ते गाडीत आहे, आणि ते शोधून दुरुस्त करता येते. आपण पत्रात एक गोष्ट फार उपयोगाची लिहिली आहे : उजवा टायर ठीक आहे. निदान तिथूनच सुरू करू.

अलाइनमेंटमध्ये, म्हणजे चाकांचे कोन मापून ते ठरलेल्या मापात बसवण्याच्या कामात, टायरच्या झिजेशी थेट संबंध असलेली मापे दोन. वरून पाहिले असता चाकांची पुढची टोके एकमेकांकडे वळलेली आहेत की फेंगड्या पायांसारखी बाहेर फाकलेली आहेत, हे ज्या मापाने कळते त्याला टो म्हणतात. समोरून पाहिले असता चाकाचा माथा गाडीकडे आत कललेला आहे की बाहेर, हे सांगणारे माप म्हणजे कॅम्बर. टो चुकला की चाक सरळ न लोळता थोडे आडवे ओढले जाते. साठ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला दीड मिलिमीटरची चूक असेल, तर दर किलोमीटरमागे ते चाक सुमारे अडीच मीटर आडवे फरफटते. खानापूर ते बेळगाव जाऊन येऊन पन्नास-एक किलोमीटर धरले, तर रोज सव्वाशे मीटर घासणे झाले. स्टिअरिंग सरळ आहे आणि गाडी कुठे ओढत नाही, म्हणून सगळे ठीक आहे असे समजणाऱ्यांना हा हिशेब मी नेहमी सांगतो.

मात्र चालत्या गाडीत पुढची दोन चाके टोची चूक आपसांत वाटून घेतात, कारण दोन्ही एकाच स्टिअरिंगला जोडलेली असतात. त्यामुळे नुसता टो चुकलेला असेल, तर दोन्ही पुढचे टायर साधारण सारखेच झिजताना दिसतात. आपल्या गाडीत एकटा डावा टायर आतून संपला आहे. म्हणून माझा पहिला संशय कॅम्बरवर, म्हणजे डाव्या बाजूच्या एखाद्या वाकलेल्या किंवा सैल झालेल्या भागावर आहे. आपल्याकडे अरुंद रस्त्यावर समोरून मोठी गाडी आली की आपण डावी चाके डांबराच्या कडेवरून खाली उतरवतो. पावसाने साइडपट्टी वाहून गेलेली असते आणि कड वीतभर उंच उभी राहते. पुन्हा रस्त्यावर चढताना तिचा दणका डाव्या चाकालाच बसतो. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, म्हणजे लोअर आर्म, किंवा ज्यावर चाक बसते तो नकल एका जोराच्या दणक्याने वाकू शकतो, आणि वाकलेले नुसत्या डोळ्यांना दिसेलच असे नाही.

संशय पडताळण्यासाठी घरच्या घरी दोन गोष्टी कराव्यात. पहिली मापाची. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे किंवा डावीकडे वळवून गाडी उभी केली, की टायरची आतली कड उजेडात येते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम करणारे कुणी ओळखीचे असेल तर त्यांच्याकडून व्हर्नियर कॅलिपर मागून आणावा. त्याच्या शेपटाकडून जी बारीक पट्टी बाहेर येते, ती टायरच्या खाचेत उभी धरली की खोली मिलिमीटरमध्ये कळते. आतली, मधली आणि बाहेरची अशी तीन मापे प्रत्येक टायरची लिहून काढावीत. खाचांच्या तळाशी मधूनमधून जे उंचवटे असतात ते १.६ मिलिमीटरची खूण दाखवतात. रबर झिजून त्या खुणेच्या बरोबरीला आले, मग ते एकाच कडेला का असेना, तर तो टायर संपला असे समजावे.

दुसरी गोष्ट हाताची. आधी रबरातून तारा डोकावत नाहीत ना, हे पाहून घ्यावे, कारण त्या तळहात कापतात. मग तळहात टायरवर आडवा, बाहेरच्या कडेपासून आत आणि आतून पुन्हा बाहेर फिरवावा. एका दिशेने रबर मऊ लागते आणि उलट दिशेने रबराच्या प्रत्येक पट्टीची कड करवतीसारखी टोचते, असे असेल तर टो चुकलेला आहे. हात बाहेर नेताना कडा टोचल्या तर चाके आत वळलेली, आत आणताना टोचल्या तर फाकलेली. कडा कुठल्याच दिशेने टोचत नाहीत आणि टायर आतून नुसता उतरता, गुळगुळीत झाला आहे, तर ते काम कॅम्बरचे. दोन्ही खुणा एकाच टायरवर सापडल्या तर गोंधळून जाऊ नये. वाकलेला भाग बहुधा दोन्ही मापे एकदम बिघडवतो.

आता दोनदा अलाइनमेंट करूनही गुण का आला नाही, याबद्दल. लहान गाड्यांपैकी पुष्कळांत पुढच्या चाकांचा फक्त टो पान्याने कमी-जास्त करता येतो; कॅम्बर बदलण्याची सोय कारखान्यातून दिलेलीच नसते. यंत्राच्या पडद्यावर कॅम्बरचा आकडा लाल दिसत राहतो, कामगार टो हिरवा करून देतो आणि ‘झाले’ म्हणतो. त्याने खोटे सांगितलेले नसते, पण टायर पूर्वीसारखाच झिजत राहतो. म्हणून कामाआधीचा आणि कामानंतरचा असे दोन्ही छापील कागद मागून घ्यावेत. डाव्या आणि उजव्या चाकाच्या कॅम्बरमध्ये साधारण अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक दिसला, तर पुन्हा अलाइनमेंट करण्यात पैसे न घालता तो फरक कशाने पडला हे शोधायला सांगावे.

त्याहूनही आधी सैलपणा तपासला पाहिजे. मेकॅनिकसमोर गाडी उचलून घ्यावी, चाक वर आणि खाली असे दोन्ही हातांनी धरून हलवून पाहावे. खडखड झाली तर बॉल जॉइंट (नकल आणि लोअर आर्म यांमधला फिरता सांधा) किंवा चाकाचे बेअरिंग गेले आहे. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर सैल लागले तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा, तपासावा. लोअर आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशला चिरा पडल्या असतील, तर गाडी उभी असताना मापे बरोबर येतात आणि ब्रेक लावला की चाक जागेवरून सरकते. यंत्राला हे कधीच दिसत नाही. मी स्वतः एकदा ही चूक केली आहे. बुश न पाहता दोन नवे टायर घातले, अलाइनमेंटचा कागद पूर्ण हिरवा होता, आणि सहा हजार किलोमीटरच्या आत दोन्ही टायर आतून खाल्ले गेले. तेव्हापासून आधी हवा, मग सैल भाग, मग वाकलेला भाग आणि शेवटी अलाइनमेंट हा क्रम मी मोडलेला नाही. एक दक्षता मात्र घ्यावी : नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही, क्षणभरसुद्धा, शिरू नये.

आपला डावा टायर तळाच्या खुणेपर्यंत आला असेल, तर तो बदलेपर्यंत घाटाचा प्रवास टाळावा, ही कळकळीची विनंती.

प्रश्न : माझ्या सेडान गाडीच्या मागच्या बाजूने साठच्या पुढे वेग गेला की घूं-घूं असा आवाज येतो. मेकॅनिकने बेअरिंग गेले असे सांगून मागची दोन्ही बेअरिंगे बदलली. आवाज तसाच आहे. आता तो टायर बदला म्हणतो. टायर तर निम्मेही झिजलेले नाहीत. (एक व्यापारी, निपाणी)

उत्तर : टायर किती झिजला यापेक्षा तो कसा झिजला, यावर आवाज अवलंबून असतो. या वेळी तळहात आडवा न फिरवता चाकाच्या फिरण्याच्या दिशेने, म्हणजे टायरच्या गोलाईवरून फिरवून पाहावा. दोन प्रकार संभवतात.

टायरवरच्या नक्षीतल्या प्रत्येक रबरी ठोकळ्याची एक कड उंच आणि दुसरी बसकी, अशी पायऱ्या-पायऱ्यांची रचना हाताला लागली, तर टायर बराच काळ पुढे-मागे न बदलता एकाच जागी वापरले गेले आहेत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागची चाके नुसती मागून लोळत जातात, त्यांच्यावर भार कमी असतो, आणि हवाही कमी राहिली तर ठोकळे अशाच पायऱ्या धरतात. यात गाडीचा दोष नसतो. दुसरा प्रकार म्हणजे वाटीसारखे खळगे, टायरवर ठरावीक अंतराने बसलेले. तसे असेल तर शॉक ॲब्सॉर्बर दमले आहेत, असा संशय घ्यावा. दमलेला शॉक ॲब्सॉर्बर चाकाला रस्त्यावर धरून ठेवू शकत नाही. चाक उडते, आपटते, आणि जिथे आपटते तिथे रबर निघते. त्याच्या नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर आणखी पुरावा शोधण्याची गरज नाही. गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी चाचणी मी फारशी भरवशाची मानत नाही, कारण अर्धवट दमलेला शॉक ॲब्सॉर्बर तिच्यात सहज पास होतो.

बेअरिंगचा आवाज आणि टायरचा आवाज वेगळे ओळखण्याची रीत आपल्याच रस्त्यावर आजमावता येईल. महामार्गावर तवंदी घाटाची लांब वळणे घेताना आवाज एका बाजूच्या वळणाला वाढतो आणि दुसऱ्या बाजूला कमी होतो, असे झाले तर बेअरिंग. वळणाने फरक पडत नाही, पण गुळगुळीत डांबरावरून खडबडीत काँक्रीटवर गेल्यावर आवाजाचा सूर बदलतो, तर टायर. याहून पक्की खात्री हवी असेल, तर मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे घालून एक फेरी मारावी. आवाज पुढे आला, की बेअरिंगचा खर्च व्यर्थ गेला हे कळेल. हे आधी केले असते तर तो खर्च टळला असता, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहिले.

आपण डिकीत मालाचे गठ्ठे नेत असाल, असे पत्रावरून वाटते. मागचे स्प्रिंग बसले असतील, तर काही गाड्यांत मागची चाकेही आत कलून आतल्या कडेने झिजतात. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या वरची कमान जमिनीपासून दोन्ही बाजूंनी किती उंच आहे, हे टेपने मोजून पाहावे. टायर मात्र इतक्यात बदलू नयेत. जागा बदलल्यावर पुढच्या चाकांवर काही हजार किलोमीटर चालून पायऱ्या पुष्कळशा घासून जातात आणि आवाज उतरतो. वाटीसारखे खळगे तसे सहज जात नाहीत.

प्रश्न : घरची माणसे आणि दोन पोती सामान घेतले की टायर बसल्यासारखे दिसतात, म्हणून मी चारही टायरमध्ये ४० हवा ठेवतो. आता चारही टायर मध्यभागी जास्त झिजले आहेत. नायट्रोजन भरला तर हे थांबेल का? (एक शेतकरी, अथणी तालुका)

उत्तर : नायट्रोजनने थांबणार नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि टायरला आत काय भरले आहे यापेक्षा किती भरले आहे याच्याशी कर्तव्य असते. रेडियल टायरच्या बाजू खालून थोड्या फुगलेल्या दिसणे हा त्याचा स्वभाव आहे; ते पाहून हवा वाढवू नये. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा स्टिकर असतो, त्यावर हलक्या आणि पूर्ण भाराचे आकडे बहुधा वेगवेगळे दिलेले असतात. तेच पाळावेत. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा आहे. आपल्या गाडीला किती हवा लागते, हे तो आकडा सांगत नाही.

हवा जास्त झाली की टायरचा मधला पट्टाच रस्त्याला टेकतो, तो झिजतो, आणि ओल्या रस्त्यावर पकडही कमी होते. हवा कमी राहिली की दोन्ही कडा झिजतात आणि टायर तापतो. उन्हाळ्यात टायर फुटण्याचा धोका तिथून सुरू होतो. हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालण्याआधी तपासावी. तापमान दहा अंशांनी वाढले की सुमारे दोन पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा वाढते, आणि चालून तापलेल्या टायरात ती आणखी चार-पाचने जास्त दिसते. भर दुपारी पंक्चरवाल्याकडे तपासून हवा ‘जास्त आहे’ म्हणून काढून टाकली, की दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर कमी हवेवर उभा असतो.

आपल्या पत्राला धरूनच आणखी एक गोष्ट लिहितो, कारण चंदगड, आंबोलीकडे नेहमी जाणाऱ्यांना ती लागू पडते. हवा अगदी बरोबर असूनही पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा गोल झालेल्या दिसल्या, तर वळणे वेगात घेतली जात आहेत. ही झीज कुठल्याही पान्याने थांबत नाही. वेग कमी केला तरच ती थांबते.

प्रश्न : जोराच्या पावसात शेतरस्त्याने गावी जाऊन आलो. तेव्हापासून ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरते. अलाइनमेंट करून घेऊ का? (एक वाचक, जांबोटी परिसर)

उत्तर : आधी चाके धुऊन घ्यावीत. खानापूरच्या पट्ट्यातली लाल माती रिमच्या आतल्या बाजूला बसते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. मूठभर माती एका बाजूला चिकटली तरी चाकाचा बॅलन्स, म्हणजे सगळीकडचे सारखे वजन, बिघडायला पुरते. बाहेरून फवारा मारून ती निघत नाही; चाक काढून, आतून लाकडी फळीच्या तुकड्याने खरवडून पाण्याने धुवावे लागते. त्यानंतरही थरथर राहिली तर बॅलन्सिंग करावे, अलाइनमेंट नव्हे. ठरावीक वेगाला थरथर येणे हे बॅलन्सिंगचे लक्षण आहे. गाडी एका बाजूला ओढणे किंवा सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडे राहणे हे अलाइनमेंटचे. बॅलन्सिंग करतानाच टायरच्या आतल्या बाजूला कुठे फुगवटा आला आहे का, हेही पाहायला सांगावे. खड्ड्याच्या दणक्याने आतले धागे तुटले की तिथे टेंगूळ उठते, आणि तो टायर कितीही नवा असला तरी वापरू नये.

प्रश्न : चारपैकी दोनच नवे टायर घेणे परवडते. ते पुढे घालावेत की मागे? जागा किती किलोमीटरला बदलाव्यात? (एक सेवानिवृत्त वाचक, चिकोडी)

उत्तर : नवे दोन मागे घालावेत. पुढची चाके वळवतात, ओढतात आणि ब्रेकचा मोठा भारही सोसतात, म्हणून नवे पुढे असावेत असे आपल्याकडे बहुतेक जण समजतात. पण ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणे सामान्य चालकाला जमत नाही. पुढची घसरली तर वेग कमी करून गाडी बहुधा ताब्यात येते. पुढे जाणारे जुने टायर मात्र तळाच्या खुणेपासून पुरेसे वर असले पाहिजेत.

दर आठ ते दहा हजार किलोमीटरला जागा बदलाव्यात. टायरच्या बाजूवर फिरण्याचा बाण छापलेला असेल, तर तो टायर त्याच बाजूला पुढे-मागे न्यावा, डावा-उजवा करू नये. स्टेपनी लहान आकाराची असेल तर तिला या फेऱ्यात घेऊ नये. जागा बदलल्यावर पुढच्या आणि मागच्या हवेचे आकडे पुन्हा स्टिकरप्रमाणे करून घ्यायला विसरू नये. हे काम दुकानात हटकून राहून जाते. एखादा टायर वेडावाकडा झिजलेला असेल, तर जागा बदलण्याने कारण जात नाही, ते फक्त दुसऱ्या टायरवर जाते. टायर काढण्याआधी त्याच्या बाजूवर खडूने ‘पुढचा डावा’, ‘मागचा उजवा’ असे लिहून ठेवावे आणि आतले, मधले, बाहेरचे अशी प्रत्येकी तीन मापे तारीख आणि किलोमीटरसह वहीत उतरवावीत. पुढच्या पत्रासोबत ते बारा आकडे कळवलेत, तर आपल्या गाडीबद्दल आम्हाला अधिक नेमके लिहिता येईल.